एक भिंत ठेवा

१२ फेब्रुवारी, गुरुवार

चि. ठमीस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. आम्ही दोघंही ठीक आहोत. आईचा गुडघा तिच्या म्हणण्याप्रमाणे दुखतो आणि माझ्या म्हणण्याप्रमाणे ती तो दुखू देते, कारण मलम कपाटावर ठेवलंय आणि मला हाक मारणं तिला कमीपणाचं वाटतं.

परवा मंगळवारी सकाळी मी एक काम केलं, ते आधी सांगतो. कचेरीतली मोजपट्टी आदल्या दिवशीच घरी आणली होती. अंघोळ झाली, देवापुढे बसलो, आणि उठल्यावर ती सगळी पट्टी उलगडून आधी ओल्या फडक्याने पुसली, मग कोरड्या, मग तिच्यावरून तेलाचं बोट फिरवलं. आपल्या घरात पट्टी पूर्ण उलगडायची म्हणजे ती पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत जाते. आईला ती ओलांडून चुलीकडे जावं लागत होतं. ती म्हणाली, "आज कुणाचं लग्न मोजायला निघालात?"

"पाहणी आहे एक."

"पाहणी तर रोजच असते. रोज काय पट्टीला न्हाऊ घालता?"

मी पट्टी पुसत राहिलो. तिने फडकं माझ्या हातातून घेतलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, "पंखवाल्यांची?"

मी मान हलवली. तिने फडकं पिळून दोरीवर टाकलं.

हे टोपणनाव तुला आवडत नाही, ठाऊक आहे. पण मला त्यांचं खरं नाव लिहायला हात वळत नाही, म्हणून तू हे चालवून घे.

बाकी सगळं नेहमीचंच. एका बाजूच्या छापखान्याने नवं यंत्र घेतलंय, त्यामुळे दुपारी आपली भिंत कण्हते. दुसऱ्या बाजूच्या गोदामातल्या मांजरीने तुझ्या फळीवर पिल्लं घातली आहेत. आईने त्यांना हाकललं नाही. "नाहीतरी रिकामीच होती," म्हणाली. तू खोली बदललीस हे बरं केलंस. खिडकी पूर्वेला आहे असं लिहिलंस, ते वाचून आईने दोनदा विचारलं, "उघडते ना पण पूर्ण?"

तुझ्या पत्रातला एक प्रश्न मी अजून टाळतोय, हे तुझ्या लक्षात आलं असेलच. तू लिहिलंस, "माझी मैत्रीण सांगत होती, तिच्या वडिलांचं घर तुमच्या कचेरीत अडकलंय. बाबा, यात तुमचा काही हात नाही ना?" आणि पुढे लिहिलंस, "असेल तर काढून घ्या. मी केव्हाच विसरले."

तिचे वडील म्हणजेच पंखवाले, हे तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. उत्तर देतो. पण मला सरळ उत्तर द्यायची सवय राहिलेली नाही. पंचवीस वर्षं कचेरीत काढली की माणूस आधी कारणं लिहितो आणि मग निर्णय. तेव्हा जरा दम धर.

आपल्या शहरात बांधकामाची एक रीत आहे. आधी जुनं घर पाडायचं आणि मग परवानगीचा अर्ज करायचा. घर पडलेलं असलं, बायकामुलं भाड्याच्या खोलीत गेली असली, की कचेरीला दया येते आणि कागद लवकर हलतो, असा लोकांचा अनुभव. खोटाही नाही. पण नवीन नियमावली आली आणि ही रीत लोकांच्या गळ्यापाशी आली. जुनं घर उभं असेल आणि त्याची तुम्ही दुरुस्ती करत असाल, तर ते जिथे आहे तिथे, शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत लावून, तसंच राहू शकतं. मात्र ते पुरतं पाडलंत की नवीन बांधकाम झालं. मग दोन्ही बाजूंना साडेचार-साडेचार फूट मोकळी जागा सोडायलाच हवी. आग लागली तर बंब जावा, हवा यावी, अशी चांगली कारणं आहेत त्याला. पण बाजारपेठेतली घरं आधीच अरुंद. त्यांतून नऊ फूट गेले की मागे काय उरतं?

म्हणून नियम आला तेव्हापासून मी खिडकीवर येणाऱ्या प्रत्येकाला एक वाक्य सांगतो, "एक भिंत ठेवा." एक जुनी भिंत, पायापासून छपरापर्यंत, उभी ठेवा. बाकी काय हवं ते बदला. एक भिंत असली की कागदावर ती दुरुस्ती होते. हे बेकायदा नाही, नियमातच आहे. फक्त विसाव्या पानावर आहे आणि विसाव्या पानापर्यंत कुणी जात नाही. शिपाई तर मला चिडवतो. मी खिडकीवर नसलो आणि कुणी आलं की सांगतो, "भिंतवाले काका जेवायला गेलेत." सुताराला सांगितलं, शिक्षकांना सांगितलं, ज्या वाण्याने आईला एकदा किडके डाळ-तांदूळ दिले त्यालाही सांगितलं. गावच्या शाळेत गुरुजींनी एवढंच शिकवलं होतं: जे आपल्याला ठाऊक आहे आणि समोरच्याला ठाऊक नाही, ते देऊन टाकावं, त्याने आपलं काही कमी होत नाही.

मागच्या वर्षी पावसाळा सरल्यावर एका सकाळी पंखवाले खिडकीवर आले.

मी त्यांना लांबूनच ओळखलं. तीच चाल, छाती आधी आणि माणूस मागून. लाकडाच्या वखारीचा धंदा चांगला चालला असावा, अंगठ्यांत भर पडली होती. त्यांनी कोपर खिडकीच्या फळीवर टेकलं आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "काय हो, नवीन दिसता इथे?"

ठमे, तो माणूस माझ्या घरात दीड तास बसून गेला होता. माझ्या हातचं पाणी प्याला होता. मी म्हणालो, "नाही, जुनाच आहे."

"असं होय. बरं, एक विचारायचं होतं. घर काढतोय नवीन. मुलगा, सून, नात, सगळे एकत्र राहायचे म्हणजे प्रशस्त हवं. आधी पाडून टाकू ना? सगळे तेच करतात."

माझं वाक्य जिभेवर आलं. खरं सांगतो, सवयीने आलंच. "एक" एवढं तर ओठांतून बाहेरही पडलं.

"एक काय?" ते म्हणाले.

"एक अर्ज, तीन प्रती," मी म्हणालो. "बाकी घर तुमचं आहे. तुम्हाला योग्य वाटेल तसं करा."

"वा! असं मोकळं बोलणारा माणूस पाहिजे कचेरीत," ते म्हणाले आणि गेले.

मी एक अक्षर खोटं बोललो नाही. घर त्यांचंच होतं. कचेरीत कुठे असं लिहिलेलं नाही की कारकुनाने विसावं पान वाचून दाखवावं. त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवलो. आईने विचारलं, "आज काय मिळालं?" मी म्हटलं, "काही नाही. भूक लागली."

त्यांनी आठवड्याच्या आत पाडकाम काढलं. मी रोज कचेरीत जाताना मुद्दाम त्या रस्त्याने जायचो. आधी कौलं उतरली, मग वरचा मजला, मग तो पुढचा सज्जा, जिथून ते रस्त्यावरच्या माणसांना हाका मारायचे. शेवटी उजवीकडची एकच भिंत उरली. दोन दिवस ती तशीच उभी होती. त्या दोन दिवसांत मी दोन्ही वेळा देवापुढे बसलो आणि विचारलं, सांगू का? देव हो म्हणाला नाही आणि नाही पण म्हणाला नाही. देवाचीही ही सवय कचेरीसारखीच आहे, गप्प राहायचं आणि माणसाने काय केलं ते नंतर पाहायचं. तिसऱ्या दिवशी गेलो तर भिंत नव्हती. गडी चहा पीत बसले होते.

आता पुढचं तुला मैत्रिणीकडून कळलेलंच आहे. अर्ज आला, नकाशा आला, आणि मी नियमाप्रमाणे तपासून परत पाठवला. जागा सोळा फूट रुंद. दोन्ही बाजूंनी साडेचार गेले की उरतात सात. नकाशा परत गेल्यावर पंधरवड्याने त्यांना झटका आला. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब जुनाच होता. डॉक्टरांचं हे म्हणणं मी घट्ट धरून ठेवलंय, इतकं घट्ट की त्यांनीसुद्धा धरलं नसेल.

मग त्यांनी सवलतीचा अर्ज केला. अरुंद जागा असेल तर मोठे साहेब बाजूची मोकळी जागा माफ करू शकतात. पण त्यासाठी पाहणी करणाऱ्याचा अहवाल लागतो. पाहणी करणारा मी.

सोमवारी कागद माझ्या मेजावर आला. संध्याकाळी पट्टी घरी आणली. मंगळवारी सकाळी ती पुसली. हे तुला सांगून झालंच आहे.

जागेवर ते आणि त्यांची बायको होती. मुलगा कामाला गेला होता, बरं झालं. मी गड्याकडून फक्की मारून घेतली, उजवीकडे साडेचार फूट आणि भिंतीची जाडी सोडून एक पांढरी रेघ, डावीकडे तेवढ्यावर दुसरी. मोकळ्या जागेत त्या दोन रेघा इतक्या जवळ दिसत होत्या की गडीच म्हणाला, "हे घर आहे का गल्ली?" मी त्याला गप्प बसवलं. ते वाक्य दुसऱ्याने म्हणायचं नव्हतं.

मी म्हणालो, "शेठ, या रेघांच्या मधे उभे राहा."

ते काठी टेकत आले. एक पाय ओढत होते. "इथे, साहेब?"

ते मला साहेब म्हणाले.

"इथेच. आता दोन्ही हात पसरा."

"ते कशाला?"

"रुंदी बघायची आहे."

तेल दिलेली पट्टी माझ्या खिशात होती, ठमे. मला त्यांच्या हातांची काही गरज नव्हती. चार वर्षं मी या एका क्षणाची आखणी केली होती, आणि माझ्या आखणीत त्यांचे हात झपकन वर जायचे, बोटं दोन्ही रेघांना टेकायची, आणि मग त्यांना आठवायचं.

उजवा हात वर गेला. डावा कमरेपर्यंत आला आणि तिथेच लटकत राहिला.

"डावा येत नाही हो वर, साहेब."

मला वाटलं, संपलं. राहू द्या, असं मी म्हणणारच होतो. पण त्यांची बायको पायरीच्या उरलेल्या दगडावरून लगबगीने पुढे आली. "मी धरते ना. साहेब म्हणताहेत तर बघू दे त्यांना नीट." तिने दोन्ही हातांनी त्यांचा डावा हात कोपराखाली धरला आणि वर उचलला, एखादं ओलं लुगडं दोरीवर टाकावं तसा. थेट खांद्याच्या रेषेत आणला. बोटं रेघेवर आली.

दोन्ही टेकले.

त्यांनी उजव्या हाताकडे पाहिलं. डाव्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, आणि या खेपेला खरोखर पाहिलं.

"तुम्ही छापखान्याशेजारचे," ते म्हणाले.

"हो."

तोंडाची एक बाजू जरा उतरलेली आहे त्यांची, त्यामुळे ते हसताहेत की काय ते कळेना. मग म्हणाले, "तेव्हा मी गंमत केली होती हो."

"मीही," मी म्हणालो.

त्यांची बायको अजून हात धरूनच उभी होती. तिने विचारलं, "ओळखीचे आहेत का हे?"

"जुनी ओळख," ते म्हणाले.

"मग बरं झालं बाई!" ती म्हणाली. तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. "ओळखीचा माणूस असला की काम होतं."

मी पट्टी काढली, मोजमाप घेतलं, निघालो. रस्त्याला लागेपर्यंत तिने तो हात खाली सोडला नव्हता, कारण मी "झालं" असं म्हणालोच नव्हतो.

आता तू मला काय म्हणशील ते मला ऐकू येतंय. "बाबा, बस झालं. हात पसरवलेत, ओळखलं त्यांनी, आता सवलत लिहून द्या." तू तेच लिहिलंस, "त्यांच्या मुलाच्या लहान मुलीसाठी तरी." ठमे, तू मोठ्या मनाची आहेस. आणि विसरलीस म्हणतेस तेही खरं असेल. पण तुला विसरायला एक नवीन शहर मिळालं. मला तीच खोली मिळाली. रोज संध्याकाळी जिथे चप्पल काढतो, ती जागा त्यांच्या उजव्या हाताखालची.

सवलत लिहून द्यायची तर काय लिहावं लागतं, ते तुला ठाऊक नाही. अहवालात एकच रकाना आहे महत्त्वाचा: "नियमानुसार उरणाऱ्या रुंदीत कुटुंबाने राहणे शक्य आहे काय? कारणे द्यावीत." तिथे मी "शक्य नाही" असं लिहिलं की मोठे साहेब डोळे मिटून सही करतात. "शक्य आहे" असं लिहिलं की नियम तो नियम.

उरणारी रुंदी बाहेरून सात फूट, आतून सहा.

आपलं घर, ठमे, बाहेरून सात फूट आहे. आतून सहा.

काल दिवसभर मी त्या रकान्यासमोर बसलो होतो. संध्याकाळी घरी येऊन आईला सगळं सांगितलं, अगदी सगळं, खिडकीवर गिळलेलं वाक्यही. टोपणनाव तिनेच ठेवलं होतं, शिव्याही तिनेच जास्त दिल्या होत्या, तेव्हा मला वाटलं ती खूश होईल. पण त्या बाईने हात उचलून धरला तिथपर्यंत मी आलो आणि आईने भाजी चिरणं थांबवलं. मग ती उठली, खोलीच्या मधोमध उभी राहिली आणि तिने आपले दोन्ही हात पसरले. तुला माहीत आहेच ती केवढीशी आहे. बोटं भिंतींपासून लांबच राहिली.

"माझे नाही टेकत," ती म्हणाली. "मला हे घर मोठंच आहे."

मग परत बसली, विळी पुढे ओढली आणि म्हणाली, "लिहा की, राहता येतं. येतंच. खोटं कशाला लिहायचं?" आणि बराच वेळ भाजी चिरून झाल्यावर, "पण भिंतीचं तुम्ही सांगायला हवं होतं."

इथे थांबतो. उद्या कचेरीत जाऊन आल्यावर पुढचं लिहीन.

शुक्रवार, दुपार

कचेरीतून अर्धी रजा घेऊन आलो आहे. आई बाजारात गेली आहे. पिल्लांनी डोळे उघडले.

एक गोष्ट मी काल लिहिता लिहिता गाळली, आणि गेली चार वर्षंही गाळतच आलो आहे. ते लोक तुला पाहायला आले त्या दिवसाबद्दल आपण तिघं जेव्हा जेव्हा बोललो, तेव्हा फक्त त्यांच्या हसण्याबद्दल बोललो. ते बोलायला सोपं होतं. ते उठून उभे राहिले, "अहो, घर आहे की गल्ली? पाहुण्याने आळस दिला तर भिंतीचा रंग बोटांना लागायचा!" म्हणाले, हात पसरले, "टेकले! दोन्ही टेकले!" म्हणून हसले, त्यांच्याकडचे सगळे हसले. एवढंच आपण सांगतो. पुढे त्यांचा निरोप आला की मुलाला मोकळ्या घरातली मुलगी हवी आहे, तेही सांगतो.

पण त्या वेळी तू आतल्या दारात होतीस. हातात कपबशांचं ताट होतं. आपल्या घरात दोन माणसं समोरासमोर आली की एकजण भिंतीला पाठ लावतो आणि दुसरा जातो. तू चालायला लागलीस तेव्हा सगळ्यात आधी हेच शिकलीस, पडायच्याही आधी. तू तिथे उभी राहून वाट पाहत होतीस, कुणीतरी भिंतीला पाठ लावेल म्हणून. त्यांनी हात खाली घेतले नाहीत. हसत राहिले. मुलगा जमिनीकडे बघत होता. आणि तू ताट सावरत, मान खाली घालून, त्यांच्या हाताखालून वाकून गेलीस.

ते मी पाहिलं. तुझी वेणी त्यांच्या बाहीला घासली, तेही पाहिलं.

तू विसरलीस म्हणतेस तेव्हा मला वाटतं, कदाचित वाकलेल्या माणसाला ते दिसत नाही. बघणाऱ्याला दिसतं.

तर आज सकाळी मी देवापुढे बसलो. काही मागितलं नाही, काही विचारलंही नाही. कचेरीत गेलो, शाईचं पेन घेतलं आणि रकान्यात लिहिलं: "होय. शक्य आहे. या रुंदीच्या घरात तीन माणसांचे कुटुंब बावीस वर्षे राहिले आहे. मुलगी तेथेच वाढली, शिकली, नोकरीस लागली. सवलतीचे कारण दिसत नाही."

मी दुसरं काही लिहू शकलो नसतो, ठमे. "शक्य नाही" असं लिहिणं म्हणजे तो माणूस त्या दिवशी खरं बोलला, यावर सरकारी शिक्का मारणं. तू जिथे रांगलीस ते घर माणसांनी राहायच्या लायकीचं नव्हतं, असं मी माझ्या सहीनिशी कसं लिहू? कुणाच्याही लहान मुलीसाठी नाही लिहिणार.

आणि कारणे द्यावीत असं होतं, म्हणून कारण जोडलं. चौकोनी कागद घेऊन आपल्या घराचा नकाशा काढला, मापासह. दार बाहेर उघडणारं. खाट भिंतीला दुमडणारी. कपाट उभं, आडवं नाही. चुलीवरची खिडकी. मागच्या पायरीवर खूण केली, "येथे मुलीचा अभ्यास". दारावरच्या फळीवर खूण केली, "येथे मुलगी निजत असे". आणि मधोमध बाण काढून लिहिलं, "दोघे समोरासमोर आल्यास एकाने भिंतीस पाठ लावावी." शिपायाने वाचलं आणि म्हणाला, "काका, हे कोणत्या नियमात?" मी म्हटलं, "माझ्या."

मोठ्या साहेबांनी अकरा वाजता सही केली. अर्ज फेटाळला. एक प्रत नकाशासकट पंखवाल्यांच्या भाड्याच्या खोलीवर गेली. जागा मागे लांब आहे त्यांची, वर दोन मजले चढवता येतील. राहतील. जमेल त्यांना. सुरुवातीला कोपरं खरचटतात, मग शरीर आपोआप शिकतं. त्यांची नात तर सगळ्यात लवकर शिकेल. लहान मुलांना अरुंद जागेचं काही वाटत नाही, कुणी हसेपर्यंत.

मला वाटलं होतं हलकं वाटेल. वाटलं. खोटं सांगत नाही, अजूनही वाटतंय. त्यांनी तो नकाशा उघडला असेल, मापं पाहिली असतील, हे मनात आणतो आणि पुन्हा वाटतं. देवाला हे आवडलं नसेल तर तो मला सांगेल. सांगायला त्याला आता भरपूर वेळ आहे.

फक्त आईचं ते शेवटचं वाक्य जात नाही. अहवालात मी खोटं काही लिहिलं नाही आणि त्याबद्दल मला कधी खेद होणार नाही. पण त्या दोन दिवसांत ती एक भिंत उभी होती, आणि मी रस्त्याच्या पलीकडे उभा होतो.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर: होय. माझा हात आहे. काढून घेणार नाही.

पण तुला एक सांगून ठेवतो. फेटाळलेल्या अर्जावर महिन्याच्या आत वर दाद मागता येते. खिडकीवरच्या माणसाने इतरांना दिलेली माहिती यांनाच मुद्दाम दिली नाही, असा लेखी पुरावा असेल, तर वरचे साहेब घर पाडण्यापूर्वीची स्थिती धरतात. तेव्हा सोळाच्या सोळा फूट मिळतील त्यांना. माझी नोकरी मात्र जाईल, ती जावीच.

असा पुरावा या जगात एकच आहे, आणि तो आत्ता तुझ्या हातात आहे. तुझ्या मैत्रिणीला दाखवावास की तुझ्या पूर्वेच्या खिडकीत बसून फाडावास, ते तू ठरव. मी विचारणार नाही. आईही विचारणार नाही. यापुढे या घरात त्यांचं नाव निघणार नाही, टोपणनावही नाही.

वाकायचं की नाही, हे या खेपेला कुणी तुझ्यावर लादू नये, एवढंच मला हवं होतं.

पत्र मी स्वतः पेटीत टाकून येतो. खाली दर वेळेसारखं नुसतं "बाबा" लिहून चाललं असतं, पण दाद मागायला हुद्द्यासकट सही लागते, म्हणून तशी करतो.

तुझा बाबा,
पाहणी कारकून, बांधकाम परवानगी शाखा
(सही माझीच आहे. तारीख वर आहे. शाई सुकू दिली आहे.)